घोरणारी बाई आणि दातांच्या डॉक्टरांचा एक प्रश्न

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत घोरण्यावरचे घरगुती उपाय छापून आले होते. नाकात तुपाचे दोन थेंब, झोपताना हळदीचं दूध, डोक्याखाली उंच उशी. माझ्या जाऊबाईंनी ते कात्रण कापून देवघरातल्या पंचांगात ठेवलं आणि त्याच रात्रीपासून तूप सुरू केलं. तुपानं कुणाचं वाईट होणार नाही. पण त्या मजकुरात एक वाक्य असायला हवं होतं, ते नव्हतं. घोरता घोरता मध्येच श्वास थांबत असेल तर तो आजार आहे, त्याची तपासणी होते आणि त्यावर इलाजही आहे. हे मला बारा वर्षं कुणी सांगितलं नाही. शेवटी सांगितलं ते दातांच्या डॉक्टरांनी. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी अंबाजोगाईची. जवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर पहिली-दुसरीला शिकवते. वय ५३. बाई असून मी घोरते, आणि चांगलं मोठ्यानं घोरते, हे वर्तमानपत्रात लिहिताना आजही हात थांबतो. पुरुष घोरला तर 'दिवसभर राबलाय बिचारा' म्हणतात. बाई घोरली की हसतात. परळीला भाचीचं लग्न होतं. लग्नघरी आम्ही सगळ्या बायका ओळीनं सतरंज्या टाकून झोपलो होतो. सकाळी उठले तर कुणीतरी माझं घोरणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर टाकलेलं. सगळ्यांबरोबर मीही हसले. त्यानंतर तीन वर्षं मी कुणाच्या घरी मुक्काम केला नाही. सख्ख्या बहिणीचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री दवाखान्यात थांबायला कुणीतरी हवं होतं. मी नाही म्हणाले, आणि कारण खोटं सांगितलं. हे तिला अजून माहीत नाही. या पत्रातूनच कळेल.

तो लाजेचा भाग झाला. शरीराचं वेगळंच चाललं होतं. आठ-आठ तास झोपूनही सकाळी उठताना डोकं जड, तोंड कोरडं ठाक. रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचं. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या, तरी आकडा खाली येईना. दुपारी तीनच्या सुमाराला मुलं पाढे म्हणत असताना माझी मान पडायची, आणि पहिलीतलं एखादं लेकरू येऊन पदर ओढायचं. एकदा तर स्कूटीवर डुलकी लागली. उसाचा हंगाम होता, समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येत होता. मी जागी झाले तेव्हा गाडी साइडपट्टीच्या मुरमावर उतरलेली होती. एका डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, पाळी जायचं वय आहे, टेन्शन घेऊ नका. आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. झोपेच्या काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि हा आजार वाढू शकतो, हे मला फार उशिरा कळलं. पाळी गेल्यावर बायकांमध्ये या आजाराचं प्रमाण वाढतं, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे वयाचं कारण त्यांनी बरोबर ओळखलं होतं, पुढचा प्रश्न मात्र विचारला नाही.

तो प्रश्न विचारला एका तरुण दंतवैद्य बाईंनी. माझ्या खालच्या दाढेवरची कॅप आठ महिन्यांत दुसऱ्यांदा फुटली होती. त्यांनी ती बघितली, मग बाकीच्या दाढा बघितल्या. टाकी न लावलेल्या जात्यासारख्या माझ्या दाढा गुळगुळीत झाल्या होत्या. 'काकू, झोपेत दात खाता का?' मी म्हटलं, माहीत नाही. मग जीभ बाहेर काढायला सांगितली आणि माझ्या हातात आरसा दिला. जिभेच्या दोन्ही कडांना दातांचे ठसे उमटलेले होते, करंजीच्या कडेला मुरड घालतो ना, अगदी तसे. जीभ बाहेर काढल्यावर मागची पडजीभ दिसायला हवी, माझी दिसत नव्हती. ही बघण्याची रीत मूळची भूल देणाऱ्या डॉक्टरांची. आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. मल्लमपतींनी ती १९८५ साली मांडली, आणि आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. मग त्या बाईंनी खुर्ची सरळ केली, हातातली हत्यारं खाली ठेवली आणि विचारलं, 'काकू, रात्री घोरता का? सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का?'

मला रडू आलं. दाताच्या दवाखान्यात दुखतं म्हणून रडतात, मी त्या प्रश्नानं रडले.

त्यांच्याकडे आठ प्रश्नांची एक छापील यादी होती. घोरणं, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिलंय का, रक्तदाब, वजन, वय पन्नाशीच्या पुढे आहे का, गळ्याचा घेर, आणि शेवटी 'पुरुष आहात का'. माझे आठांपैकी चार जुळले. बाई म्हणून एक गुण तिथेच कमी झाला. श्वास थांबताना पाहिलेलं कुणी नव्हतं, कारण माझं घोरणं सुरू झाल्यापासून आमचे हे बहुतेक रात्री शेतातल्या आखाड्यावरच झोपतात. चार म्हणजे धोक्याची मधली पायरी. त्या मला जा म्हणू शकल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. 'याचं निदान मी करू शकत नाही, ते छातीच्या डॉक्टरांचं काम. पण तपासणी केल्याशिवाय तुमच्या दाढेवर नवी कॅप बसवणार नाही,' असं म्हणून लातूरच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

तपासणी घरीच झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, आणि हातात मावेल एवढं यंत्र. एक रात्र ते लावून झोपायचं. रिपोर्ट आला. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबणं किंवा खूप कमी होणं, असं माझं तासाला २४ वेळा होत होतं. तासाला पाचपर्यंत ठीक मानतात, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. रक्तातला ऑक्सिजन ७९ टक्क्यांपर्यंत उतरला होता. सगळ्यात जास्त वेळ श्वास थांबला होता ४७ सेकंद. घरी आल्यावर मी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून जागेपणी श्वास रोखून बघितला. एकतिसाव्या सेकंदाला सोडावा लागला. झोपेत सत्तेचाळीस!

या आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. २०२२ साली बप्पी लाहिरी गेले तेव्हा हा शब्द सगळ्या वर्तमानपत्रांत आला होता, आपल्याही. मी तो वाचला होता आणि मोठ्या माणसांचं दुखणं म्हणून पान उलटलं होतं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून २०२३ साली जे मांडलं त्यात शंभर प्रौढांपैकी साधारण अकरांना हा त्रास असल्याचं निघालं. पुरुषांत तेरा, बायकांत पाच. बायकांचा तो पाचाचा आकडा मी बराच वेळ बघत बसले.

लातूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. झोपेत स्नायू ढिले पडतात, जीभ मागे घसरते, श्वासाची वाट चिकटते. छाती ओढत राहते पण हवा आत जात नाही. मग मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, एक मोठा घोरका येतो आणि श्वास सुरू होतो. आपल्याला यातलं काही आठवत नाही. रात्रभर हेच. हृदयाला विसावा मिळत नाही, रक्तदाब चढत राहतो. हे सगळं शांतपणे ऐकून आमचे हे म्हणाले, 'म्हणजे लपेटा पाइपनं विहिरीतलं पाणी ओढल्यावानी झालं की.' डॉक्टरांना ते कळलं नाही, शेतकऱ्यांना कळेल. लपेटा पाइप पाणी ढकलायला चांगला, पण त्यानं ओढायला गेलं की तो आतल्या आत चपटा होतो आणि चिकटतो. ओढायला कडक पाइप लागतो. माझा घसा झोपेत लपेटा पाइप होत होता.

पहिला इलाज सांगितला तो मशीनचा, सीपॅपचा. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली तो जगापुढे मांडला. नाकावर मास्क लावायचा, आणि मशीन हवेचा दाब देऊन ती वाट उघडी ठेवतं. ज्यांचा आजार तीव्र आहे त्यांच्यासाठी हाच पहिला आणि खात्रीचा इलाज. माझं पत्र वाचून कुणी आपलं मशीन बंद करू नये, ही कळकळीची विनंती. मी एक महिना ते भाड्यानं आणून वापरलं. ज्या रात्री सलग चार तास चाललं त्या सकाळी डोकं दुखलं नाही, हे खरं आहे. पण मला मास्कमध्ये कोंडल्यासारखं व्हायचं, झोपेतच तो ओढून काढायचे. आणि दुसरं म्हणजे लाइट. वारं सुटलं की आमच्याकडे लाइट गेलीच. तुरीच्या राशीच्या दिवसांत मी आखाड्यावर राहते, तिथली तर गोष्टच सोडा. रात्री दोन वाजता मशीन बंद पडलं की नाकावर नुसता मास्क उरायचा.

मग दुसरा इलाज आला, आणि तो परत दातांच्या डॉक्टरांकडचा. वर एक आणि खाली एक अशा दोन प्लेटा झोपताना दातांवर बसवायच्या. त्या एकमेकींत अशा अडकतात की खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवला जातो. जबडा पुढे आला की त्याच्याबरोबर जीभही पुढे येते आणि मागची वाट मोकळी राहते. वीज नाही, आवाज नाही, पर्समध्ये मावते. मशीन ज्यांना सोसत नाही किंवा ज्यांना दुसरा पर्याय हवा आहे, अशा मोठ्या माणसांना ही प्लेट द्यावी, असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांनी आणि दंतवैद्यांनी मिळून २०१५ सालीच ठरवलेलं आहे. आमच्या गावच्या बाई म्हणाल्या, 'हे काम मी शिकलेले नाही, मी करणार नाही.' आणि लातूरच्या ज्या दंतवैद्यांनी ते शिकून घेतलंय त्यांच्याकडे पाठवलं. येत नाही ते येत नाही म्हणाल्या, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

लातूरला आधी हिरड्या तपासल्या, दात हलतात का बघितलं, कानाजवळचा जबड्याचा सांधा दाबून बघितला. दोन्हीकडे पुरेसे घट्ट दात असल्याशिवाय प्लेट टिकत नाही. इथे मला माझ्या गावच्या बायका आठवल्या. मिश्रीमुळे चाळिशीतच हिरड्यांनी दात सोडलेले, पन्नाशीत पुढचे दात गेलेले. या इलाजाची वेळ येईपर्यंत त्यांच्या तोंडात तो पेलणारे दातच राहत नाहीत. मिश्री सोडायला आणखी एक कारण हवं असेल तर हे घ्या.

मग माप घेतलं. पुदिन्याच्या वासाचा गार लगदा ट्रेमध्ये भरून दातांवर दाबतात, दोन मिनिटांत तो रबरासारखा होतो. नंतर खालचा जबडा जमेल तेवढा पुढे सरकवायला लावला आणि पट्टीनं मोजलं. ९ मिलिमीटर. त्यातला साधारण निम्मा, ५ मिलिमीटर पुढे ठेवून सुरुवात करायची ठरली. तीन आठवड्यांनी प्लेट आली. बाजूला बारीक स्क्रू असतात. डॉक्टर सांगतील तशी छोटी किल्ली फिरवून पाव-पाव मिलिमीटर जबडा पुढे घ्यायचा. अडीच महिन्यांत मी ७ मिलिमीटरपर्यंत गेले. घाई केली तर सांधा दुखतो, म्हणून एवढा वेळ.

त्रास झाला नाही असं मी म्हणणार नाही. पहिले पंधरा दिवस लाळेनं उशी भिजायची. सकाळी प्लेट काढली की दात दातांवर बसायचे नाहीत, खालचे दात पुढे आल्यासारखे वाटायचे. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटत नव्हता. त्यावर डॉक्टरांनी प्लास्टिकचा एक छोटा तुकडा दिला आहे. रोज सकाळी दहा मिनिटं तो चावून धरायचा की जबडा जागेवर येतो. मी चहा उकळेपर्यंत धरते. वर्षानुवर्षं वापरल्यावर काहींचे दात थोडे सरकतात, चावा कायमचा बदलू शकतो, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून ठरल्या वेळी दाखवायला जावंच लागतं. प्लेट गार पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवायची. गरम पाण्यात घातली तर वाकते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्लेट घालून पुन्हा तीच झोपेची तपासणी करायची. पुष्कळ लोक इथेच थांबतात. घोरणं बंद झालं म्हणजे आजार गेला असं वाटतं. पण आवाज न होताही श्वास थांबू शकतो. माझा आकडा २४ वरून ६ वर आला, ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला नाही. आमच्याच शाळेवरच्या एका सरांनी गरम पाण्यात मऊ करून चावायची पट्टी मोबाइलवरून मागवली. घोरणं कमी झालं म्हणून ते खुशीत आहेत. तपासणी ना आधी केली ना नंतर. मी त्यांना रोज सांगते.

रक्तदाबाच्या गोळ्या माझ्या चालू आहेत, त्या सुटतील असं वचन मला कुणी दिलेलं नाही. वजन सहा किलो कमी करायला सांगितलंय, दोन झालं. कुशीवर झोपायची सवय लावते आहे. पण सकाळचं डोकं दुखणं गेलं. रात्री एकदाच उठते. आणि दुपारी तीन वाजता मी जागी असते. एवढ्यात एक गोष्ट अशी झाली की वर्गातलं एक लेकरू कायम तोंड उघडं टाकून बसतं, झोपतं, वाढीलाही कमी आहे, हे माझ्या ध्यानात आलं. पूर्वी मी त्याला आळशी समजून रागावले होते. त्याच्या आईला सगळं समजावून सांगितलं, इथल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घशाच्या विभागात पाठवलं. टॉन्सिल वाढलेले निघाले. मुलांमध्ये बहुतेक वेळा इलाज तिथूनच सुरू होतो.

माझी प्लेट २८,००० रुपयांना पडली. तपासण्या, मशीनचं भाडं, लातूरच्या खेपा वेगळ्या. मी नोकरीवाली म्हणून जमलं. माझ्याबरोबर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी माझ्यापेक्षा मोठ्यानं घोरतात आणि दिवसा पेंगतात, त्यांनी हे कुठून करायचं? छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातूर-नांदेडला खाजगी आहेत. रोज शेकडो लोक तिथे तोंड उघडून बसतात. त्यांच्या केसपेपरवर फक्त दोन ओळी वाढवाव्यात: रात्री घोरता का, आणि सकाळी उठल्यावर थकवा असतो का. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या मुख्य संघटनेनं २०१७ साली आपल्या सभासदांना हेच सांगितलंय की येणाऱ्या रुग्णांमध्ये या आजाराची लक्षणं बघा आणि शंका आली तर डॉक्टरांकडे पाठवा. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. आणि अशा प्लेटा सरकारी महाविद्यालयांत परवडणाऱ्या दरात बनवून मिळाव्यात. कवळी तिथे बनतेच, त्याच हातांना थोडं जास्तीचं शिक्षण लागेल. आपण तिथल्या प्राध्यापकांना आणि छातीच्या डॉक्टरांना एकत्र बसवून पुरवणीचं एक पान यावर काढावं, ही माझी विनंती. घरगुती उपाय जेवढ्या मोठ्या अक्षरांत छापले तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

जाऊबाईंचं सांगायचं राहिलं. त्यांचं वय ५७. गेल्या आठवड्यात त्या माझ्याकडे मुक्कामाला होत्या तेव्हा मी रात्री जागून मोबाइलच्या घड्याळावर मोजलं. घोरणं एकदम थांबलं, बावीस सेकंद काहीच नाही, मग गचका देऊन श्वास आला. तासाभरात असं अकरा वेळा झालं. मिश्रीनं त्यांचे खालचे पुढचे चार दात गेलेत. प्लेट बसेल की मशीनच लागेल ते डॉक्टर ठरवतील. येत्या गुरुवारी रात्री त्यांची तपासणी आहे. यंत्र मी लातूरहून आणून ठेवलंय. झोपेत बोटाचा चिमटा निघाला तर परत लावायला त्यांच्याच खोलीत अंथरूण टाकणार आहे. माझी प्लेट घालून.

आपली नम्र,
एक शिक्षिका वाचक
अंबाजोगाई, जि. बीड